दोन पाळ्यांच्या मधले दिवस

(कोपरी, ठाणे पूर्व येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बाहेर चौकात लावलेल्या फलकावर आजचा विषय ‘स्त्री-आरोग्य : एक संवाद’ असा छापलाय. मी लिहून दिला होता तो असा : ‘अंगावरून पांढरं जाणं आणि पाळी नसताना दिसणारे डाग’. मग फोन आला. “डॉक्टर, फलक भर चौकात लागतो हो, समोर रिक्षास्टँड आहे.” मला त्यांची अडचण समजली. फलक तुमचा, माइक माझा, अशी तडजोड झाली. फलक वाचून का होईना, पुरुष मंडळी बऱ्यापैकी आलीत. तुमच्या वाट्याच्या काही गोळ्या आहेत, त्यांच्याबद्दल बोलायचंय, तेव्हा मधेच उठू नका.

ही माला ज्यांच्या स्मरणार्थ चालते त्या सिस्टरांनी सगळी नोकरी पालिकेच्या दवाखान्यात केली. केसपेपर लिहिताना “काय होतंय?” एवढ्यावर त्या थांबत नसत. बाईने डोकं दुखतंय, कंबर भरून येते, थकवा आहे असं काही सांगितलं की त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला असे : “आणि अंगावरून?” बाई आधी भिंतीकडे बघायची, मग बोलायची. आजचं व्याख्यान त्या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

सुरुवात निरोगी शरीरापासून करते, कारण माझ्याकडे घाबरून येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणींना काहीच झालेलं नसतं. योनीमार्ग कोरडा राहण्यासाठी बनलेलाच नाही. पाळी येत असलेल्या निरोगी बाईला रोज चमचाभराच्या आत-बाहेर स्राव होतो आणि तो महिनाभर सारखा नसतो. पाळी संपल्यावर काही दिवस फारसं काही जाणवत नाही. मग अंडं बाहेर पडायचे दिवस जवळ येतात तसं गर्भपिशवीच्या तोंडातून पातळ, पारदर्शक, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा स्राव यायला लागतो. दोन बोटांत धरून बोटं लांब केली तर त्याची तार निघते. पुरुषबीजाला वर चढायला वाट मिळावी म्हणून शरीराने केलेली ही सोय. अंडं बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि तोच स्राव घट्ट, चिकट, पांढुरका होतो. कपड्यावर वाळला की तो पिवळसर दिसतो. हा वाळलेला पिवळा डाग बघून किती जणी दवाखान्यात आल्या असतील याची गणती नाही.

आणखी काही प्रसंगी तो वाढतो आणि वाढायलाच हवा. गरोदरपणात वाढतो. मुलीला पहिली पाळी यायच्या आधी काही महिने पांढरं जायला लागतं, आया तिला घेऊन येतात, “अजून न्हाणसुद्धा आलं नाही आणि हे काय?” म्हणून. बाई, न्हाण यायचंय म्हणूनच आहे. तान्ह्या मुलीलासुद्धा पहिल्या आठवड्यात आईच्या संप्रेरकांमुळे पांढरं जातं, कधी दुपट्यावर रक्ताचा थेंबही दिसतो, आणि घरातल्या आजीचा जीव उडतो. ते आठवड्याभरात आपोआप थांबतं.

आता आतल्या राखणदारांबद्दल. १८९२ साली डोडर्लाइन नावाच्या जर्मन डॉक्टरांनी निरोगी बाईच्या योनीमार्गात राहणारे जंतू वर्णन करून ठेवले. आज त्यांना आपण लॅक्टोबॅसिलस म्हणतो. दही लावणाऱ्या जंतूंचेच हे भाऊबंद. योनीच्या अस्तरात साठलेल्या साखरेचं ते आम्ल करतात, आणि त्या आंबटपणामुळे बाकीच्या जंतूंना तिथे बस्तान बसवता येत नाही. पीएच साधारण ३.८ ते ४.५ राहतो. हे एवढं नीट चाललेलं असताना आपण काय करतो? तुरटीच्या पाण्याने आतून धुतो. पाण्यात जंतुनाशकाचं बूच ओततो. अंगाचा साबण आतपर्यंत नेतो. हल्ली गुलाबी बाटलीतला सुगंधी वॉश आलाय, त्याची जाहिरात बघितली की वाटतं देव बाईचं शरीर बनवताना फुलांचा वास घालायला विसरला. आतून धुणाऱ्या बायकांना जंतूंचा त्रास अधिक होतो, हे आता पुरतं माहीत झालंय. बाहेरून साधं पाणी, आत काहीही नाही. एवढी एक गोष्ट इथून घेऊन गेलात तरी माझा येण्याजाण्याचा रिक्षाखर्च वसूल.

मग काळजी कधी करायची? रंग बदलला, म्हणजे हिरवट, करडा, पिवळाधमक झाला. वास येतोय. खाज आहे, आग आहे, लघवीला जळजळतं. ओटीपोटात दुखतं, ताप आहे. संबंधाच्या वेळी दुखतं. किंवा त्यात रक्त आहे. यांतलं काही असलं तर दाखवायला हवं. मी ‘दाखवायला’ म्हणते तेव्हा मला तोंडी सांगणं अभिप्रेत नाही. तपासणीच्या टेबलावर झोपून दाखवायचं. माझं आजचं म्हणणं जवळजवळ सगळं या एका शब्दाभोवती आहे.

त्या टेबलावर काय होतं हे कधी कुणी सांगत नाही, म्हणून भीती वाटते. मी सांगते. एक धातूचं किंवा प्लास्टिकचं उपकरण असतं, स्पेक्युलम. बदकाच्या चोचीसारखी त्याची दोन पाती. पोलादी असेल तर गार लागतं, म्हणून मी ते कोमट पाण्याखाली धरते; त्याला अर्धं मिनिट लागतं आणि बाईचं अंग आक्रसत नाही. पाती उघडली, दिवा वळवला, की समोर गर्भपिशवीचं तोंड दिसतं. गुलाबी, ओलसर, मधोमध बारीक छिद्र. बाळंतपण झालेलं असेल तर त्या छिद्राची आडवी फट झालेली असते. स्राव कुठून येतोय हे इथेच कळतं : योनीच्या भिंतीवर आहे, की पिशवीच्या तोंडातून गळतोय. कापसाच्या काडीने तो घ्यायचा. पीएचची कागदी पट्टी लावायची, ४.५ च्या वर गेली की राखणदार कमी झालेत असं समजायचं. मग काचपट्टीवर एक थेंब, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, आणि नाक जवळ न्यायचं. विशिष्ट जंतू असतील तर लगेच मासळीचा वास उठतो. इथे चेंदणी कोळीवाड्याच्या शेजाऱ्यांना तो वास मी वेगळा समजावून सांगायला नको.

दुसऱ्या काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. कधी कधी तिथे नासपतीच्या आकाराचे, शेपट्या हलवत गिरक्या घेणारे जीव दिसतात. १८३६ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड डोने यांना ते पहिल्यांदा दिसले. ट्रायकोमोनास त्यांचं नाव. लगेच बघावं लागतं, थेंब थंड झाला की त्यांची हालचाल मंदावते आणि ओळखणं कठीण जातं. हे सगळं पाच-सात मिनिटांचं काम. सामान सगळं मिळून स्वस्त. तरीही फार कमी ठिकाणी होतं.

ज्यांचा संबंध आलेला नाही त्यांची ही आतली तपासणी करायची नसते. बाहेरून बघून, बाहेरचा नमुना घेऊन, गरज पडली तर पोटावरून सोनोग्राफी करून काम भागतं. हे मुद्दाम सांगते, कारण कॉलेजच्या मुली याच भीतीने वर्षभर खाज सोसतात.

जंतूंमुळे होणारे तीन प्रकार सगळ्यांत जास्त दिसतात. पहिला वासाचा. स्राव पातळ, करडा-पांढरा, वास संबंधानंतर किंवा पाळीच्या सुमारास वाढणारा, खाज सहसा नसते. यात बाहेरून कुणी शत्रू आलेला नसतो. आतल्या जंतूंचा तोल गेलेला असतो. लॅक्टोबॅसिलस घटतात, दुसरे वाढतात. १९८३ पासून डॉक्टर तो चार खुणांवर ओळखतात, त्यांतल्या तीन जुळल्या की झालं. दुसरा बुरशीचा. दही फुटल्यासारखा स्राव, वास नाही, पण खाज अशी की रात्री झोप लागत नाही. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर, गरोदरपणात, आणि मधुमेहात तो होतो. वर्षातून चारदा बुरशी होत असेल तर मी औषध लिहिण्याआधी साखर तपासायला लावते. कितीतरी बायकांचा मधुमेह असा खाजेच्या वाटेने सापडलाय. तिसरा ट्रायकोमोनास : पिवळट-हिरवट, फेसाळ, आग होणारा.

आता पुरुष मंडळींच्या गोळ्या. ट्रायकोमोनास संबंधातून येतो. पुरुषाला त्याचा बहुधा काहीच त्रास होत नाही, म्हणून त्याला पटतच नाही की तो आपल्यातही आहे. औषध मेट्रोनिडाझोलच्या घराण्यातलं, जुलाबावर आपण सर्रास घेतो तेच. मी दोन पाकिटं देते, एक तिला, एक त्याला. तिचं संपतं. त्याचं बहुतेकदा देव्हाऱ्याच्या खणात पडून राहतं. “मला काय झालंय?” असं म्हणून तो कामावर जातो आणि महिन्याभराने ती परत माझ्यासमोर बसलेली असते, त्याच तक्रारीसह. मग सासू म्हणते डॉक्टरणीचं औषध लागू पडत नाही. तर भाऊ, गोळ्या घ्या. दोघांनी एकाच वेळी घेतल्या तरच उपयोग. आणि गोळ्या चालू असताना दारू नाही, ही त्यातली खरी अडचण असेल तर तसं स्पष्ट सांगा, आपण वार बदलून देऊ.

या तिघांपेक्षा वाईट दोन आहेत, क्लॅमिडिया आणि गनोरिया. ते पिशवीच्या तोंडाला धरतात आणि बऱ्याचदा काहीच जाणवू देत नाहीत. नुसताच थोडा जास्त स्राव, कधी संबंधानंतर पुसट डाग. तिथून ते वर नळ्यांपर्यंत जातात. दोन-तीन वर्षांनी यांतली एखादी बाई मूल होत नाही म्हणून येते, तेव्हा नळ्या बंद झालेल्या असतात.

इथे मला गडचिरोलीत जावंसं वाटतं. १९८६ साली डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे ‘सर्च’ संस्था सुरू केली. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, तक्रार असो-नसो, सगळ्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता. एकेका बाईला सरासरी ३.६ रोग. आणि आयुष्यात कधीतरी आतून तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. तोवर सरकारी कार्यक्रमांच्या लेखी बाई म्हणजे गरोदर बाई किंवा नसबंदीची केस. त्यांच्या मधल्या आयुष्यात तिला काय होतं हे कुणी पाहिलंच नव्हतं. १९९४ च्या कैरो परिषदेत जगभरच्या देशांनी प्रजनन आरोग्याचा विचार मांडला, त्यामागे आपल्या विदर्भातल्या या दोन खेड्यांचा हात आहे. राणीताईंचं ‘कानोसा’ पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. बायका आपल्या शरीराबद्दल आपसांत काय बोलतात ते त्यात आहे.

त्या अभ्यासातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ९२ च्या आकड्याच्या आड गेली. त्या बायकांपैकी साधारण ५५ टक्क्यांनीच काही तक्रार सांगितली होती. म्हणजे जवळजवळ निम्म्या म्हणत होत्या, आम्हाला काही नाही. त्यांनाही रोग निघाले.

आता त्याच्या उलट टोकाचं उदाहरण, तेही आपल्या शेजारचं. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगथ’ संस्थेच्या सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार बायकांचा अभ्यास केला; तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण सातांतली एक बाई पांढरं जातं म्हणत होती. पण प्रयोगशाळेत जंतू शोधले, तेव्हा त्या तक्रारीचं जंतूंशी नातं फार घट्ट निघालं नाही. उदासी, चिंता, अंगभर दुखणं, थकवा, नवऱ्याकडून होणारी शिवीगाळ आणि जबरदस्ती, यांच्याशी ते जास्त घट्ट निघालं.

म्हणजे काही बायकांना रोग आहे आणि त्या बोलत नाहीत. काही बोलतात आणि त्यांना तो रोग नाही. मला यात गडचिरोली खरी की गोवा खरा असा झगडा दिसत नाही. दोन्ही खरे. आपल्याकडे सासूच्या, नवऱ्याच्या, नोकरीच्या त्रासाची तक्रार घेऊन दवाखान्यात जाता येत नाही. कंबर दुखते आणि अंगावरून जातं, एवढी तक्रार घेऊन जाता येतं. तीत लाज आहे, पण परवानगीही आहे. अशा बाईला दर खेपेला अँटिबायोटिक दिलं तर तिच्या आतले राखणदार मरतात आणि मग तिला खरोखरीची बुरशी होते. आणि “तुला काही नाही, डोक्यातलं आहे” म्हणून परत पाठवली तर कदाचित पिशवीच्या तोंडाची सूज तशीच राहते. आधी बघायचं, मग ठरवायचं, आणि काही सापडलं नाही तर खुर्ची जवळ ओढून दुसरा प्रश्न विचारायचा.

सरकारी दवाखान्यात एक मधली वाट आहे. सूक्ष्मदर्शक नसेल तिथे लक्षणांवरून औषध देता यावं म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने रंगीत किट केली आहेत. योनीच्या दाहाला हिरवं किट, पिशवीच्या तोंडाच्या स्रावाला करडं, ओटीपोटाच्या सुजेला पिवळं. फुकट मिळतात. वाट चांगली आहे, पण करडं की हिरवं हे ठरवायलासुद्धा आत बघावं लागतं, आणि गर्दीत नेमकं तेच गळतं. खाजगीत तर त्याहून सोपं. केमिस्टच्या काउंटरवर नवरा जातो, हळूच म्हणतो, “बायकांचं ते… खाजेचं”, आणि एक ट्यूब घेऊन येतो. तीत बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड, तिन्ही. खाज दोन दिवसांत थांबते, महिन्याभरात दुप्पट होऊन येते.

एक समजूत फार पक्की आहे : पांढरं जातं म्हणजे हाडं झिजून जातात, ताकद वाहून जाते. कंबर दुखते ती त्यामुळेच. नाही. स्रावात हाडाचा कण नसतो. बाई दमलेली असते कारण तिला रक्त कमी असतं. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना ते कमी आहे. ती ठाण्याहून उभ्याने लोकलने जाते, उभ्याने परत येते, दिवसभर पाणी पीत नाही कारण स्टेशनातल्या आणि ऑफिसातल्या शौचालयात जाववत नाही. कंबर दुखायला एवढं पुरतं.

पण याच समजुतीवर कुणीतरी धंदा बांधतं, तेव्हा गोष्ट भलतीकडे जाते. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याच्या बातम्या आल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली होती. कित्येक जणींनी सांगितलं की पांढरं जातं, पोट दुखतं म्हणून गेलो, आणि पिशवी सडलीय, काढली नाही तर कॅन्सर होईल असं ऐकलं. तिशीतल्या बायका या. पिशवीबरोबर अंडाशयही काढले की त्या वयात रजोनिवृत्ती येते, आणि मग हाडं खरंच झिजतात. जी भीती खोटी होती ती ऑपरेशनने खरी करून दिली. ऊसतोडीत एक खाडा म्हणजे पैसे कापले जातात, पाळीचे दिवस परवडत नाहीत, हाही त्यातला एक धागा होता. तरी माझ्या व्यवसायाची जबाबदारी त्याने कमी होत नाही. आत न बघता सोनोग्राफीच्या कागदावर पिशवी काढायला निघणारा डॉक्टर ऊसतोडीने तयार केलेला नाही.

मी पिशवी काढतच नाही असं नाही. काही वेळा काढावी लागते. पण नुसतं पांढरं जाणं हे पिशवी काढायचं कारण नव्हे. कुणी तसं म्हणालं तर फाइल उचला आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

आता रक्ताबद्दल, आणि इथे मात्र माझा सूर बदलेल. दोन पाळ्यांच्या मध्ये डाग दिसला म्हणजे मोठंच काही असतं असं नाही. काही जणींना अंडं बाहेर पडतानाच एक-दोन दिवस पुसट गुलाबी किंवा तपकिरी डाग दिसतो. गर्भनिरोधक गोळी चुकली, तांबी नवी बसवली, थायरॉइड बिघडलं, पिशवीच्या तोंडाशी मऊ कोंब आला, आतल्या बाजूला गाठ आहे, अशी साधी कारणं पुष्कळ. आपल्याकडे पिशवीच्या अस्तराचा क्षयही विसरून चालत नाही. पण पाळी चुकलेली, मग डाग, ओटीपोटात एका बाजूला कळ आणि चक्कर, असं असेल तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. त्यात सकाळपर्यंत थांबायचं नाही. रात्रीच सरळ मोठ्या रुग्णालयात. इथून कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय खाडीच्या पलीकडेच आहे.

संबंधानंतर रक्त दिसलं, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर परत डाग दिसला, किंवा पाण्यासारखा, दुर्गंधीचा, रक्त मिसळलेला स्राव सुरू झाला, तर पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर नाही ना हे बघावंच लागतं. २०२० च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या वर्षी या कॅन्सरच्या सुमारे १ लाख २३ हजार नव्या रुग्ण होत्या आणि ७७ हजार बायका गेल्या. आज्यांना पाळी परत आली की आनंद होतो, “पुन्हा तरुण झाले” म्हणून हसतात. मावशी, हसा, पण दुसऱ्या दिवशी दाखवायला या.

चीड याची येते की हा कॅन्सर टाळण्याची वाट आपल्याच राज्यात सापडलेली आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांवर अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या वस्तीतल्याच बायकांना प्रशिक्षण दिलं. पिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबायचं, बिघडलेला भाग पांढरा उठतो. वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी हे केलं, आणि त्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. २०१३ मध्ये ते निष्कर्ष जगापुढे आले. त्याआधी बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीने उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, १ लाख ३१ हजार बायकांवर काम झालं होतं. हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू निम्म्यावर आले, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. सगळ्या जगाच्या पाठ्यपुस्तकात बार्शीचं काम आहे. आणि आपल्या देशात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधी तरी करून घेतलेल्या शंभरात दोनसुद्धा नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा आकडा १.९ टक्के आहे. त्या विषाणूवरची लससुद्धा आता पुण्याच्या सीरमने बनवलीय, सर्व्हाव्हॅक, २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. मुलींना ९ ते १४ वयात द्यायची. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी सुटत नाही.

मग बायका टेबलावर चढत का नाहीत? कल्याणात १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या त्याचं कारण त्यांनी १८८३ साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात सांगितलं होतं : आपल्या बायका पुरुष डॉक्टरला शरीर दाखवत नाहीत, म्हणून हिंदू बाई डॉक्टर हवी. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. फेब्रुवारी १८८७ मध्ये, २१ वर्षांच्या असताना, आनंदीबाई गेल्या, एकही दवाखाना न चालवता. आज ठाणे पूर्वेत चार पावलांवर बाई डॉक्टर भेटते, त्यामुळे आनंदीबाईंचं कारण आता उरलं नाही असं मी पूर्वी मानायचे. आता वाटतं, डॉक्टर बाई असणं पुरत नाही. दार लागलेलं हवं, पडदा पूर्ण ओढलेला हवा, बाहेरच्या बाकावर शेजारीण ऐकत नसावी, आणि डॉक्टरने “कपडे काढा, लवकर, मागे वीस जणी आहेत” असं म्हणू नये. दर्जा म्हणतात तो इथे सुरू होतो. पालिकेच्या प्रसूतिगृहांत एका खोलीला कडी आणि पडदा लावायला मोठ्या अंदाजपत्रकाची गरज नसते. इथे बसलेल्या नगरसेवकांनी ते मनावर घ्यावं, त्यासाठी व्याख्यानही लागू नये.

माझं एवढंच होतं. आता प्रश्न घेते. कार्यकर्ते पेटी घेऊन रांगांमधून फिरतील. चिठ्ठीवर नाव लिहू नका. वय मात्र लिहा, मागची पाळी कधी आली ते लिहा, आणि पाळी जाऊन किती वर्षं झाली तेही. त्याशिवाय मला उत्तर देता येणार नाही. पुरुषांनी लिहिलं तरी चालेल, पण “माझ्या एका मित्राच्या बायकोला” असं लिहू नका, त्यात जागा फार जाते.